घटक ४ : इशाऱ्याची भाषा आणि ग्राहकाचे संरक्षण (ऑनलाइन जुगाराच्या संदर्भात)

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• इशारा आणि सल्ला या दोन भाषिक कृतींमधील भेद स्पष्ट करणे.
• एकच आकडा वेगवेगळ्या शब्दांत मांडला असता वाचकाच्या आकलनात कसा फरक पडतो, हे सांगणे.
• ऑनलाइन जुगारातील ग्राहकसंरक्षणाविषयीच्या संशोधनातून भाषेसंबंधी निघणारे निष्कर्ष मांडणे.
• मराठीतील एखाद्या इशाऱ्याची चिकित्सा करून त्याचा सुधारित मसुदा लिहिणे.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, व्यावहारिक मराठीचा विचार करताना आपण जाहिरात, माहितीपत्रक, सूचनाफलक अशा लेखनप्रकारांचा अभ्यास करतो. या सर्वांच्या तळाशी बहुधा बारीक अक्षरांत छापलेला एक मजकूर असतो. त्याला आपण ‘इशारा’ म्हणतो. तो कोणी आवर्जून वाचत नाही, आणि लिहिणारेही त्यावर फारसे कष्ट घेत नाहीत. तरीही ग्राहकाचे पैसे, आरोग्य आणि कुटुंबाचे स्वास्थ्य पणाला लागलेले असते, तेव्हा त्या दोन ओळींना मोठे महत्त्व येते. त्या ओळी कशा लिहाव्यात, हा भाषेच्या अभ्यासकाचा प्रश्न आहे. प्रस्तुत घटकात तो प्रश्न ऑनलाइन जुगाराच्या उदाहरणावरून समजून घ्यायचा आहे.

जुगार आपल्याला नवा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात फाशांच्या नादी लागून घरदार गमावलेल्या माणसाचा विलाप आहे, आणि महाभारताचा कथाप्रवाह द्यूतसभेवरून वळतो. नवे आहे ते जुगाराचे साधन. पूर्वी अड्ड्यावर जावे लागे, रोख पैसे मोजावे लागत, ओळखीचे कोणी पाहील याची भीती असे. आज खिशातील मोबाईलवर अहोरात्र डाव मांडलेला असतो आणि पैसे बोटाच्या एका स्पर्शाने जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात जुगाराच्या विकाराची नोंद व्यसनाधीन वर्तनाच्या विकारांमध्ये केलेली आहे. ‘द लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये जो अहवाल दिला, त्यातील अंदाजानुसार जगातील सुमारे ८ कोटी प्रौढांना हा विकार जडलेला आहे. ऑनलाइन कसिनो वा स्लॉट खेळणाऱ्या प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण १५.८ टक्के आणि किशोरवयीनांमध्ये २६.४ टक्के असू शकते, असेही या अहवालात म्हटले आहे.

एवढी हानी संभवत असेल, तर ग्राहकाला सावध करणे ओघानेच आले. पण सावध करणारे शब्द खरोखर सावध करतात का? हे केवळ तर्काने ठरत नाही, प्रयोगाने तपासता येते. गेल्या काही वर्षांत ते तपासले गेले आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ इशारा ही एक भाषिक कृती

आपण बोलतो तेव्हा केवळ माहिती देत नाही, बोलण्याने काहीतरी करतोही. वचन देतो, क्षमा मागतो, आज्ञा करतो, इशारा देतो. इंग्लंडमधील तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी मांडलेल्या या विचाराचा विस्तार अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९६९ मध्ये केला. प्रत्येक भाषिक कृती सफल होण्यासाठी काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

इशाऱ्याची मुख्य अट अशी, की जे घडणार आहे ते ऐकणाऱ्याच्या हिताचे नाही, हे बोलणाऱ्याने त्याच्यापुढे मांडलेले असावे. ‘पुढे दरड कोसळली आहे’ हा इशारा आहे, कारण त्यात संकट सांगितलेले आहे. ‘गाडी सावकाश चालवा’ हा सल्ला आहे. त्यात वर्तन सुचवले आहे, पण संकट कोणते ते सांगितलेले नाही. आता ‘जबाबदारीने खेळा’ हे वाक्य घ्या. ते इशाऱ्याच्या जागी छापले जाते. पण त्यात कोणतेही अहित सांगितलेले नाही. शिवाय ‘खेळा’ हे आज्ञार्थी क्रियापद आहे. ‘जबाबदारीने’ हे क्रियाविशेषण बाजूला ठेवले, तर उरते ते खेळण्याचे आमंत्रण. रूपाने इशारा, अर्थाने सल्ला आणि व्याकरणाने आमंत्रण, अशी या वाक्याची रचना आहे.

४.३.२ ‘मजा संपली की थांबा’ : ब्रिटनमधील अनुभव

ब्रिटनमधील काही मोठ्या जुगार कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या सेनेट ग्रुप या संस्थेने २०१५ मध्ये एक बोधवाक्य प्रचारात आणले : ‘व्हेन द फन स्टॉप्स, स्टॉप’, म्हणजे ‘मजा संपली की थांबा’. दुकानांच्या काचांवर, दूरचित्रवाणीवर, मोबाईलच्या पडद्यावर ते झळकू लागले. त्यात ‘फन’ म्हणजे ‘मजा’ हा शब्द इतर शब्दांपेक्षा कितीतरी मोठ्या अक्षरांत होता.

या वाक्याचा अर्थ लावताना त्यातील पूर्वगृहीताकडे लक्ष द्या. ‘पाऊस थांबला की निघू’ असे कोणी म्हटले, तर पाऊस पडत आहे हे आपण न सांगता धरून चालतो. त्याचप्रमाणे ‘मजा संपली की’ या शब्दांत मजा चालू आहे, हे गृहीतच असते. दुसरे असे, की थांबण्याची वेळ ओळखण्याचे काम खेळणाऱ्यावर सोपवलेले आहे. ज्याला व्यसन जडले आहे, त्याची अडचण नेमकी हीच असते, की मजा संपली तरी त्याला थांबता येत नाही.

वॉरविक विद्यापीठातील संशोधकांनी या बोधवाक्याची प्रयोगाने परीक्षा घेतली आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये पुढे आले. फुटबॉलवर पैजा लावणाऱ्या व्यक्तींना पैज लावण्यासाठी थोडी खरी रक्कम देण्यात आली. काहींना बोधवाक्यासह जाहिरात दाखवली, तर काहींना बोधवाक्याविना. बोधवाक्य पाहणाऱ्यांनी पैजा कमी लावल्या, असे आढळले नाही. पुढे ‘मजा’ या शब्दाचा आकार कमी करण्यात आला. २०२१ मध्ये ‘विचारासाठी वेळ घ्या’ या अर्थाचे नवे बोधवाक्य आले. त्याचीही प्रयोगाने तपासणी झाली, आणि त्यानेही जुगार कमी होतो असा विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही.

यातून आपण दोन गोष्टी शिकतो. एक, इशारा लिहिणाऱ्याचा हेतू काय होता, यावरून इशाऱ्याचे मोल ठरत नाही. वाचकाचे वर्तन बदलले का, यावरून ते ठरते. दुसरी, ज्याच्या विक्रीवर इशाऱ्याचा परिणाम व्हायचा आहे, त्यानेच इशाऱ्याचे शब्द निवडले असतील, तर त्यांची परीक्षा इतरांनी करणे आवश्यक आहे.

४.३.३ ‘परतावा’ की ‘कपात’?

ऑनलाइन कसिनोतील खेळांच्या माहितीपत्रात ‘या खेळाचा सरासरी परतावा ९० टक्के आहे’ अशा अर्थाचे वाक्य असते. ही माहिती खरी असते. तीच माहिती ‘या खेळात लावलेल्या एकूण पैशांपैकी सरासरी १० टक्के पैसे कंपनी ठेवून घेते’ अशीही सांगता येते. गणिताच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये एकच आहेत. वाचकाच्या दृष्टीने ती एक नाहीत.

मांडणी बदलली की निर्णय बदलतो, हे एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये दाखवून दिले होते. जुगाराच्या बाबतीत हीच गोष्ट फिलिप न्यूऑल, लुकाश वालाशेक आणि इलियट लडविग यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तपासली. ‘परतावा’ सांगणारे वाक्य वाचलेल्यांना जिंकण्याची शक्यता अधिक वाटली. ‘कंपनी ठेवून घेते’ असे वाक्य वाचलेल्यांना ती कमी वाटली, आणि त्या वाक्याचा खरा अर्थही अधिक लोकांना कळला.

‘९० टक्के परतावा’ या शब्दांमुळे होणारा गैरसमज एका हिशेबाने स्पष्ट होईल. १०० रुपये घेऊन बसलेल्या माणसाला वाटते, की फार तर १० रुपये जातील. परंतु हा दर प्रत्येक डावाला लागू असतो. मिळालेली सर्व रक्कम पुन्हा डावावर लावत गेल्यास १०० रुपयांचे सरासरीने पहिल्या डावानंतर ९०, दुसऱ्यानंतर ८१, तिसऱ्यानंतर सुमारे ७३ रुपये उरतात. सातव्या डावानंतर निम्म्याहून कमी, दहाव्यानंतर सुमारे ३५ आणि विसाव्यानंतर सुमारे १२ रुपये. (एखादा माणूस मध्येच जिंकतो, हे खरे, येथे अनेक खेळणाऱ्यांची सरासरी सांगितली आहे.) एकेक डाव काही क्षणांत संपत असेल, तर वीस डावांना किती वेळ लागतो, याचा तुम्हीच विचार करा.

व्याकरणाच्या दृष्टीनेही दोन वाक्यांतील भेद लक्षात घ्या. ‘परतावा ९० टक्के आहे’ या वाक्यात कोणी काही करीत नाही. तेथे केवळ स्थितीचे वर्णन आहे. ‘कंपनी ठेवून घेते’ या वाक्यात कर्ता आहे, क्रिया आहे, आणि पैसे कोणाकडे जातात हे स्पष्ट आहे. शिवाय ‘परतावा’ हा शब्द मराठीत ठेव, गुंतवणूक, विमा यांच्या संदर्भात रुळलेला आहे. तो जुगारात वापरला, की बँकेची विश्वासार्हता त्याच्याबरोबर उसनी येते.

४.३.४ शब्दावाचून बोलणारी चिन्हे

भाषा म्हणजे केवळ शब्द नव्हेत. रंग, ध्वनी, चित्र हीदेखील अर्थ पोहोचवणारी चिन्हे आहेत. अनेक ओळींवर एकाच वेळी पैज लावण्याची सोय असलेल्या स्लॉट यंत्रांत असे होते, की माणूस १० रुपये लावतो, ४ रुपये परत मिळतात, आणि यंत्र विजयाचे संगीत वाजवून दिव्यांची आरास करते. प्रत्यक्षात ६ रुपये गेलेले असतात. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले, की अशा प्रसंगी खेळणाऱ्याच्या शरीरात उमटणारी उत्तेजना खऱ्या विजयाच्या वेळच्या उत्तेजनेसारखीच असते. या प्रकाराला ‘विजयाच्या वेषातील हार’ म्हणता येईल.

या संशोधनाचा ग्राहकसंरक्षणाशी थेट संबंध आहे. ब्रिटनमधील जुगार नियामक आयोगाने ऑनलाइन स्लॉटसाठी ३१ ऑक्टोबर २०२१ पासून नवे नियम लागू केले. लावलेल्या रकमेएवढी वा तिच्याहून कमी रक्कम परत मिळाली असता विजयाचा जल्लोष दाखवण्यास मनाई झाली. दोन डावांच्या प्रारंभांत किमान अडीच सेकंदांचे अंतर ठेवणे बंधनकारक झाले. आपोआप डाव चालू ठेवण्याची सोय बंद झाली. पराभवाला विजय म्हणणे हे असत्य विधान आहे, मग ते शब्दांतून केलेले असो वा संगीतातून, ही भूमिका या नियमांमागे दिसते.

४.३.५ ऑस्ट्रेलियातील बदल

ऑस्ट्रेलियात पैजांच्या जाहिरातींच्या अखेरीस ‘जबाबदारीने जुगार खेळा’ या अर्थाचे वाक्य वर्षानुवर्षे येत असे. संशोधनाच्या आधारे शासनाने ते बदलले आणि मार्च २०२३ च्या अखेरीपासून ऑनलाइन पैजांच्या जाहिरातींसाठी सात नवी वाक्ये बंधनकारक केली. एकच वाक्य सतत पाहून डोळ्यांना सवय होऊ नये, म्हणून ती आलटून पालटून वापरायची असतात. त्यांपैकी काहींचा आशय असा : तुम्ही आता हरण्याचीच शक्यता आहे. कधी जिंकता, पण त्याहून अधिक हरता. या पैशांत दुसरे काय घेता आले असते, याची कल्पना करा. जुगारात तुम्ही खरोखर काय पणाला लावत आहात?

जुन्या आणि नव्या वाक्यांची तुलना करा. जुन्या वाक्यात आज्ञार्थ आहे. नव्या वाक्यांत विधाने आणि प्रश्न आहेत. जुन्या वाक्यात हरण्याचा उल्लेख नाही. नव्या वाक्यांत तो उघडपणे आहे. इशाऱ्याची जी अट आपण ४.३.१ मध्ये पाहिली, ती येथे पुरी होते.

४.३.६ भारतातील परिस्थिती आणि मराठी वाचक

आपल्याकडे भारतीय जाहिरात मानक परिषदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमच्या जाहिरातींसाठी १५ डिसेंबर २०२० पासून मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. जाहिरात ज्या भाषेत असेल त्याच भाषेत इशारा द्यावा, छापील जाहिरातीत त्याला किमान २० टक्के जागा द्यावी, ध्वनिचित्र जाहिरातीत तो सामान्य बोलण्याच्या गतीने उच्चारावा, आणि अशा खेळाला रोजगाराचा पर्याय म्हणून दाखवू नये, असे त्यांत सांगितले होते. जागा, गती आणि भाषा या तिन्हींचा विचार झाला, ही स्तुत्य गोष्ट होय. इशाऱ्याचा आशय मात्र असा होता : या खेळात आर्थिक जोखमीचा भाग आहे आणि त्याचे व्यसन लागू शकते, कृपया जबाबदारीने आणि स्वतःच्या जोखमीवर खेळा.

आता तुम्ही शिकलेले निकष येथे लावा. ‘आर्थिक जोखीम’ हे भाववाचक शब्द आहेत. ‘पैसे जातील’ इतके ते बोचत नाहीत. ‘लागू शकते’ मध्ये केवळ शक्यता आहे. ‘खेळा’ हा आज्ञार्थ तसाच आहे. ‘स्वतःच्या जोखमीवर’ या शब्दांनी ग्राहकाला सावध करण्यापेक्षा कंपनीला दायित्वातून मोकळे करण्याचे काम अधिक होते.

‘खेळ’ या शब्दाकडेही लक्ष द्या. मराठीत कबड्डी खेळतात आणि जुगारही खेळतात, क्रियापद एकच. त्यामुळे ‘गेम’ म्हटले की ‘जुगार’ या शब्दाला चिकटलेला सामाजिक निषेध गळून पडतो. ‘कौशल्य’ या शब्दाचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले होते, आणि पुढे ऑनलाइन कंपन्यांच्या युक्तिवादांत ‘कौशल्य’ हा कळीचा शब्द ठरला. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने हा शब्दभेदच बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने पैसे लावले जात असतील, तर तो ‘ऑनलाइन मनी गेम’ ठरतो, आणि तो चालवणे व त्याची जाहिरात करणे हा गुन्हा ठरतो. अशा खेळात भाग घेणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही.

बंदी आल्यावर इशाऱ्यांचा विचार कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. परदेशातून चालणारी संकेतस्थळे कोणत्याही देशाच्या कायद्याला सहजासहजी दाद देत नाहीत, आणि तेथे इशारा असेलच असे नाही. ज्याच्यासाठी नियामकाने शब्द लिहिलेले नाहीत, त्या वाचकाला वाक्य पारखण्याची स्वतःची क्षमताच उपयोगी पडते.

४.३.७ ‘नाद लागणे’ : मराठीतील जाण

आपल्या भाषेत या विषयाची जाण पूर्वीपासून आहे. मराठीत ‘त्याला जुगाराचा नाद लागला’ असे म्हणतात. या वाक्यात ‘नाद’ हा कर्ता आहे, आणि माणूस चतुर्थीत आहे. तो करणारा नाही, भोगणारा आहे. तहान लागते, तसाच नाद लागतो. ‘जबाबदारीने खेळा’ या वाक्यात माणूस पूर्णपणे स्वाधीन आहे, असे मानलेले असते. ‘नाद लागला’ या वाक्यात तो पराधीन झाल्याचे सांगितलेले असते. आजचे वैद्यकशास्त्र दुसऱ्या वाक्याच्या अधिक जवळ आहे.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. ‘पैसे बुडाले’, ‘पैसे गेले’ ही आपली नेहमीची वाक्ये अकर्मक आहेत. पैसे कोणाकडे गेले, हे त्यांत येत नाही. जुगारात पैसे आपोआप बुडत नाहीत. ते कोणीतरी ठेवून घेतो, आणि तसे व्हावे अशी त्या खेळाची आखणी असते. म्हणून इशारा लिहिताना सकर्मक रचना आणि स्पष्ट कर्ता यांचा आग्रह धरावा.

४.३.८ शब्दांची मर्यादा

भाषेच्या अभ्यासकाने आपल्या विषयाची मर्यादाही ओळखली पाहिजे. चांगला इशारा आकलन सुधारतो; परंतु ज्याला नाद लागला आहे, त्याला केवळ आकलनाने थांबता येत नाही. म्हणून संशोधक शब्दांच्या जोडीला प्रत्यक्ष अडसर सुचवतात. ब्रिटनने १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यास मनाई केली, आणि २०२५ मध्ये ऑनलाइन स्लॉटच्या प्रत्येक डावासाठी प्रौढांना ५ पौंड व १८ ते २४ वयोगटाला २ पौंड अशी कमाल मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘बेटस्टॉप’ ही राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. तीत स्वतःचे नाव नोंदवले, की देशातील कोणतीही परवानाधारक ऑनलाइन पैज कंपनी त्या व्यक्तीचे खाते चालू ठेवू शकत नाही. ‘थांबा’ असे सांगणे आणि थांबण्याची सोय करणे, यांतील हा फरक आहे.

तुमच्या घरात वा परिचयात कोणाला असा नाद लागला असेल, तर त्या व्यक्तीला दूषणे देण्यापेक्षा मदत मिळवून देणे हितावह असते. केंद्र शासनाच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तेथे मराठीतही बोलता येते.

४.४ सारांश

इशाऱ्यात वाचकाचे अहित स्पष्टपणे सांगितलेले असावे लागते. ‘जबाबदारीने खेळा’ यासारखी वाक्ये ही अट पाळत नाहीत आणि सर्व भार ग्राहकावर टाकतात. ब्रिटनमधील प्रयोगांत अशा बोधवाक्यांनी पैजा कमी झाल्याचे दिसले नाही. ‘परतावा’ या शब्दाऐवजी कंपनी किती ठेवून घेते हे सांगितल्यास लोकांना खेळाचे स्वरूप अधिक नीट कळते. ऑस्ट्रेलियाने संशोधनाच्या आधारे हरण्याचा थेट उल्लेख करणारी वाक्ये स्वीकारली. शब्द नेमके असावेत, त्यांची परीक्षा व्हावी आणि त्यांच्या पाठीशी प्रत्यक्ष नियम असावेत, या तिन्ही गोष्टी मिळून ग्राहकाचे संरक्षण होते.

४.५ पारिभाषिक शब्द

भाषिक कृती : बोलण्यातून वा लिहिण्यातून घडणारी कृती, उदा. वचन, आज्ञा, इशारा.
पूर्वगृहीत : वाक्यात उघडपणे न सांगता खरे धरून चाललेली गोष्ट.
मांडणीचा परिणाम : माहिती तीच असूनही शब्दयोजनेमुळे वाचकाच्या निर्णयात पडणारा फरक.
नियामक : एखाद्या व्यवसायासाठी नियम करून त्यांच्या पालनावर देखरेख ठेवणारी संस्था.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘जबाबदारीने खेळा’ हे वाक्य इशारा या भाषिक कृतीची अट पुरी करते का? सकारण लिहा.
२. ‘सरासरी परतावा ९५ टक्के’ हे विधान कर्ता स्पष्ट करणाऱ्या वाक्यात लिहा. १०० रुपये सलग दहा डावांत पुन्हा पुन्हा लावल्यास सरासरीने किती उरतील, ते काढा.
३. भाषिक उपक्रम : वृत्तपत्रातील वा मोबाईलवरील कोणत्याही तीन जाहिरातींतील (कर्ज, म्युच्युअल फंड, औषध इत्यादी) बारीक अक्षरांतील मजकूर उतरवून घ्या. प्रत्येकातील कर्ता, क्रियापदाचा अर्थ आणि पूर्वगृहीत नोंदवा. त्यांपैकी एकाचा सुधारित मसुदा तयार करा. तो घरातील वा शेजारच्या दोन व्यक्तींना वाचून दाखवा आणि त्यांना काय कळले, ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.